जनावरांचा क्षयरोग आणि घरची माणसे: कोणते काम आधी, कोणते नंतर

गाय महिनोनमहिने ढासते, ढेप-सरकी खाऊनही खंगत जाते, दूध आटते, आणि मग कोणीतरी म्हणते की हिला क्षय तर नाही ना. इथपर्यंत बहुतेक घरांत सारखेच घडते. चूक त्यानंतर होते. कोणी ते जनावर पुढच्या बाजारात उभे करून मोकळा होतो, कोणी खोकल्याची सुई देऊन वाट पाहतो, कोणी जनावराची चाचणी करून घेतो पण निकाल पाहायला डॉक्टर येतात त्या दिवशी कळप रानात गेलेला असतो. सर्वांत मोठी चूक ही, की जनावरांच्या दवाखान्यात घरातल्या माणसाच्या खोकल्याचा उल्लेख होत नाही आणि माणसांच्या दवाखान्यात गोठ्याचा उल्लेख होत नाही. दोन्हीकडची तपासणी एकाच आठवड्यात सुरू झाली पाहिजे, एकीच्या निकालासाठी दुसरी थांबता कामा नये. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी: रोग कोणत्या वाटेने जातो

जनावरांतला क्षयरोग प्रामुख्याने मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जंतूमुळे होतो. भारतात मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा त्याच कुळातील जंतूही जनावरांत आणि माणसांत सापडला आहे. माणसांत नेहमी आढळणारा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हा जंतू माणसाकडून जनावराला लागू शकतो, हेही येथील जनावरांच्या नमुन्यांतून दिसून आले आहे. म्हणजे वाट दुहेरी आहे आणि बंदोबस्तही दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

जनावराकडून माणसाला रोग मुख्यतः दोन प्रकारे लागतो. एक, कच्च्या दुधातून. अशा वेळी तो बहुधा मानेच्या गाठींत किंवा पोटात उतरतो आणि खोकला मुळीच नसतो. दोन, बंद कोठ्यात ढासणाऱ्या जनावराजवळ तासन्‌तास वावरल्याने श्वासातून. बाधित जनावर फाडताना किंवा सोलताना हाताच्या जखमेतूनही तो शिरू शकतो. माणसांमधला बहुतांश क्षयरोग माणसाकडूनच माणसाला लागतो, हे मात्र विसरू नये. घरात रुग्ण निघाला म्हणून लगेच गाईला दोष देणे चूक आहे.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. भारतातील अनेक पाहण्यांचे आकडे एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाई-म्हशींतील त्याचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के निघाले होते. दिवसभर रानात चरणाऱ्या गवळाऊ गाईपेक्षा चोवीस तास दावणीला बांधलेल्या संकरित गाईंच्या दाट गोठ्यात तो अधिक वेगाने पसरतो, कारण तेथे एकीचा श्वास दुसरीच्या गव्हाणीत जातो.

टप्पा १: संशय येताच त्याच दिवशी करायची कामे

संशय कशावरून घ्यावा? महिनाभर न थांबणारा कोरडा खोकला, विशेषतः पहाटे उठल्यावर, थंड पाणी प्यायल्यावर किंवा थोडे चालवल्यावर येणारा; चारा-पाणी ठीक असूनही दिसू लागलेल्या फासळ्या; चढता-उतरता ताप; जबड्याखाली किंवा खांद्यापुढे हाताला लागणाऱ्या टणक गाठी; कासेचा एखादा भाग हळूहळू दगडासारखा घट्ट होत जाणे. यांपैकी काहीच नसतानाही जनावर बाधित असू शकते आणि हीच या रोगाची मोठी अडचण आहे. म्हणून धष्टपुष्ट दिसणारे जनावर निरोगीच असेल, असे गृहीत धरू नये.

संशय आला की चार कामे त्याच दिवशी करावीत.

१. घरातले सर्व दूध, कोणत्याही जनावराचे असो, उकळल्याशिवाय वापरणे बंद करावे.

२. संशयित जनावर कळपातून काढून वेगळे बांधावे. वेगळे म्हणजे त्याच कोठ्याचा दुसरा कोपरा नव्हे. वेगळे छप्पर, वेगळी गव्हाण, पाण्याची वेगळी बादली. जागाच नसेल तर सध्या शेतातल्या किंवा अंगणातल्या झाडाखाली बांधावे. उन्हाळ्यात सावली आणि पाणी यांची सोय मात्र पाहावी.

३. ते जनावर गायकीकडे, म्हणजे गावची ढोरे चारणाऱ्याकडे, देऊ नये. गावाच्या आखरावर शंभर ढोरे एका जागी उभी राहतात आणि एकाच डोहावर पाणी पितात. तेथे एक ढासणारे जनावर पाठवणे म्हणजे आपल्या घरातला प्रश्न गावभर वाटणे होय.

४. बाजार, नातेवाइकांकडे बदली, पैदाशीसाठी नेआण, सर्व काही निकाल येईपर्यंत थांबवावे.

दूध उकळण्याबाबत थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण चूक इथेच जास्त होते. पाश्चरायझेशनमध्ये दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवले जाते आणि तेवढ्यात क्षयाचा जंतू मरतो. घरी तापमान मोजता येत नाही, म्हणून दूध ढवळत राहून चांगली उकळी येऊ द्यावी आणि वर आलेले दूध लगेच न उतरवता आच कमी करून दोन-तीन मिनिटे आणखी ठेवावे. लहान मुलासाठी दूध नुसते कोमट करणे म्हणजे उकळणे नव्हे. धारोष्ण दूध पिण्याची सवय पूर्णपणे सोडावी. कच्च्या दुधाला विरजण लावल्याने जंतू मरत नाही, त्यामुळे तसले दही, ताक आणि त्यातून काढलेले लोणी सुरक्षित नाही. व्यालेल्या गाईचा चीक वाफेवर पूर्ण शिजवूनच खावा. आटवलेला खवा आणि रबडी यांत दूध इतका वेळ उकळते, की तेथे ही भीती राहत नाही.

तपासा: वासरे, कुत्री, मांजरी यांना त्या जनावराचे कच्चे दूध दिले जात आहे का? "माणसाला नको तर वगारीला पाजून टाका" असे सर्रास केले जाते आणि त्यातून कळपाची पुढची पिढी बाधित होते. निकाल येईपर्यंत त्या गाईच्या वासराला दुसऱ्या निरोगी गाईचे किंवा उकळून कोमट केलेले दूध पाजावे.

टप्पा २: चाचणीची पूर्वतयारी

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून ट्युबरक्युलिन चाचणीची, म्हणजे कातडीत टोचून क्षय ओळखण्याच्या चाचणीची, मागणी करावी. जाणे शक्य नसेल तर १९६२ या पशुसेवा क्रमांकावर फोन करावा. ट्युबरक्युलिन हे टोचण्याचे द्रावण सतत थंड ठेवावे लागते आणि गावातल्या प्रत्येक दवाखान्यात ते हजर असतेच असे नाही, म्हणून तारीख ठरवून घ्यावी. केवळ "गाय खोकलते" एवढे न सांगता किती दिवसांपासून, किती जनावरे, कोणती बाहेरून विकत आणलेली आणि घरात कोणाला क्षयरोग झालेला आहे किंवा होता का, हे सर्व सांगावे.

चाचणी एकट्या संशयित जनावराची करून भागत नाही. त्याच छपराखालच्या सर्व जनावरांची करावी. बैल असेल तर त्याच्या जोडीदाराला आधी धरावे, कारण एका जुवाखाली दिवसभर दोघांची नाकपुडी जवळजवळ असते.

तयारीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला असावा. बिल्ला नसेल तर तो आधी मारून घ्यावा. निकाल "तांबडी गाय" अशा नावाने लिहिला गेला, की दोन महिन्यांनी कोणती तांबडी, हाच वाद होतो.

२. व्यायला महिनाभरात येणारी किंवा नुकतीच व्यालेली गाय कोणती, हे डॉक्टरांना सांगावे. या काळात शरीराची प्रतिक्रिया मंदावते आणि बाधित गायही निर्दोष दिसू शकते.

३. अलीकडे सूज किंवा ताप उतरवण्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले असेल तर तेही सांगावे. त्यानेही निकाल खोटा नकारार्थी येतो.

४. मागील दोन महिन्यांत हीच चाचणी झाली असेल तर ती लगेच पुन्हा करू नये.

५. चाचणीचा दिवस आणि त्यानंतरचा तिसरा दिवस दोन्ही मोकळे ठेवावेत. सोमवारी सुई दिली तर वाचन गुरुवारी, जवळजवळ त्याच वेळी. मधे आठवडी बाजार, पोळा किंवा लग्न येत असेल तर तारीखच बदलून घ्यावी.

टप्पा ३: चाचणी आणि ७२ तासांनंतरचे वाचन

मानेच्या मधल्या भागातले केस कापून तेथील कातडीची जाडी कॅलिपर या मापकाने मोजतात आणि कातडीच्या थरातच, कातडीखाली नव्हे, ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन टोचतात. नीट टोचले गेले असेल तर तेथे लगेच मसुराच्या दाण्याएवढी टणक गाठ बोटाला लागते. ती लागत नसेल तर डॉक्टरांना तेव्हाच पुन्हा पाहण्याची विनंती करावी. तुलनात्मक चाचणीत दोन जागी टोचतात, एका जागी गोवंशाच्या जंतूचे आणि दुसऱ्या जागी पक्ष्यांच्या जंतूचे ट्युबरक्युलिन, म्हणजे मातीतल्या इतर निरुपद्रवी जंतूंमुळे किंवा जोन्स रोगामुळे (आतड्यांचा जुनाट आजार) आलेली सूज ओळखता येते. एकेरी चाचणीत कोणी बाधित निघाले तर तुलनात्मक चाचणीबद्दल जरूर विचारावे.

७२ तासांनी त्याच व्यक्तीने, त्याच कॅलिपरने पुन्हा जाडी मोजावी. एकेरी चाचणीत वाढ २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल आणि त्या जागी सूज, दुखरेपणा किंवा स्राव नसेल तर जनावर नकारार्थी, ४ मिलिमीटर किंवा अधिक असेल, किंवा ती जागा गरम, दुखरी, पाझरणारी असेल, तर होकारार्थी, मधले संशयास्पद. संशयास्पद जनावराची चाचणी किमान ४२ दिवसांनी पुन्हा करतात आणि तोवर ते वेगळेच ठेवावे लागते. "संशयास्पद" म्हणजे "सुटले" असा अर्थ घेऊ नये.

या तीन दिवसांत टोचलेल्या जागी हळद, तेल, चुना, शेक यांपैकी काहीही लावू नये. सूज दिसली म्हणून ती उतरवायला धावणारे हात थांबवणे महत्त्वाचे आहे, कारण ती सूजच आपल्याला हवे असलेले उत्तर आहे. म्हशींना तीन दिवस डोहात बसू देऊ नये, घरीच पाणी मारावे. चिखलाने कापलेल्या केसांची खूण बुजते आणि वाचनाच्या वेळी नेमकी जागा सापडत नाही.

खबरदारी: दुसऱ्या दिवशी सूज नाही म्हणून "निकाल साफ आहे" असे ठरवून डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवू नये. प्रतिक्रिया हळू चढते. चोवीस तासांचे वाचन हे वाचन नव्हेच.

अतिशय खंगलेल्या, रोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या जनावरात प्रतिक्रिया येतच नाही, हेही ध्यानात ठेवावे. लक्षणे ठळक असूनही निकाल नकारार्थी आला तर डॉक्टरांशी बोलून नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा. नागपूर आणि अकोला येथे पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातून तेथे संदर्भ मिळू शकतो.

टप्पा ४: घरच्या माणसांची तपासणी, त्याच आठवड्यात

जनावराच्या निकालाची वाट न पाहता ही तपासणी करावी. सर्वांत आधी धार काढणारी व्यक्ती, गोठा झाडणारी व्यक्ती, कोठ्यात किंवा कोठ्याला लागून झोपणारे वृद्ध, कच्चे दूध पिणारी मुले, आणि मधुमेह किंवा एचआयव्ही असलेले सदस्य. गायकी आणि सालदार यांना या यादीतून गाळू नये. त्यांच्या घरी कोणी विचारायला जात नाही आणि मालकाने स्वतः नेले नाही तर ते बहुधा जातही नाहीत.

प्रत्येकाला पुढील गोष्टी विचाराव्यात: दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, भूक आणि वजन कमी होणे. एवढ्यावर थांबू नये. मानेवर किंवा काखेत न दुखणारी गाठ, दीर्घकाळचे पोटदुखणे, पोटाला आलेली फुगी, वजन न वाढणारे मूल, यांचीही चौकशी करावी. दुधातून आलेला क्षय खोकत नाही, म्हणून "घरात कोणी खोकत नाही" या उत्तरावर समाधान मानू नये.

यांपैकी काही आढळल्यास आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा क्रमांक आहे. थुंकीचे दोन नमुने द्यावे लागतात आणि त्यांतला एक पहाटे उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला असावा. तोंडातली लाळ भरून दिली तर रोग असूनही निकाल नकारार्थी येतो.

मानेच्या गाठीचा नमुना घेतला जात असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारावा: नमुन्याचा एक भाग साध्या सलाइनमध्ये ठेवला आहे ना? संपूर्ण गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवली, की जंतू मरतो, मग कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) होत नाही आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठीही तो नमुना उपयोगाचा राहत नाही. खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाल्यानंतर ही गोष्ट कळून काही फायदा नसतो, ती आधीच विचारावी.

डॉक्टरांना गोठ्याची माहिती का द्यायची, याचे कारण औषधात आहे. क्षयरोगाच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड या औषधाला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस निसर्गतःच दाद देत नाही. नेहमीच्या सीबीनॅट चाचणीत क्षयाचा जंतू आहे एवढे कळते, पण तो माणसाकडचा की जनावराकडचा, हे कळत नाही. घरात बाधित जनावर आहे किंवा कच्चे दूध प्यायले जात होते, असे सांगितले तर डॉक्टर कल्चर आणि जंतूची ओळख करून घेण्याचा विचार करू शकतात आणि गरजेप्रमाणे उपचारांचा काळ वाढवू शकतात. हे वाचून कोणी आपल्या मनाने एखादी गोळी वगळू नये. औषध बदलण्याचा निर्णय केवळ डॉक्टरांचा असतो.

तपासा: रुग्णाची निक्षय या सरकारी क्षयरुग्ण-प्रणालीत नोंदणी झाली का आणि बँक खाते जोडले गेले का. १ नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपयांप्रमाणे मदत थेट खात्यात जमा होते. नोंदणी राहून गेली तर हा हक्काचा आधारही राहून जातो.

टप्पा ५: बाधित जनावराचे काय करावे

येथे शेतकऱ्याची खरी कसोटी लागते आणि त्याची अडचण मी कमी लेखणार नाही. ज्या देशांत हा रोग आटोक्यात आला तेथे बाधित जनावर काढून टाकले गेले आणि मालकाला मोबदला मिळाला. महाराष्ट्रात गाईंची कत्तल आधीपासूनच बंद होती आणि २०१५ पासून बैल व वळू यांनाही तो कायदा लागू झाला आहे. त्यामुळे बाधित गाय-बैल मरेपर्यंत वेगळे सांभाळणे, एवढाच कायदेशीर मार्ग बहुतेकांपुढे उरतो आणि चाऱ्याचा खर्च अंगावर पडतो. तरीही विकणे हा मार्ग नाही. ते जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात गेले, की तेथे दूध पिणारी मुले असतात.

२००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याच्या यादीत गोवंशातला क्षयरोग आहे. त्याची माहिती पशुवैद्यकीय यंत्रणेला देणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि अशा जनावराची नेआण अधिकाऱ्यांच्या सल्ल्याशिवाय करता येत नाही. गोरक्षणात देण्याचा विचार असेल तर निकालाचा कागद दाखवून, तेथे वेगळी जागा आहे याची खात्री करूनच द्यावे. न सांगता सोडून येणे म्हणजे दुसऱ्या शंभर जनावरांना धोक्यात घालणे आहे.

जनावराला माणसांच्या क्षयाच्या गोळ्या देऊ नयेत. उपचार अनेक महिने चालतो, रोग पूर्ण बरा होईलच याची खात्री नसते, औषध दुधात उतरते आणि औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो. जनावरांसाठीची लस शेतकऱ्याला आज उपलब्ध नाही, त्यामुळे लशीच्या नावाखाली कोणी काही टोचत असेल तर ते घेऊ नये.

वेगळे ठेवलेल्या जनावराची दिनचर्या अशी असावी.

१. कामाचा क्रम रोज एकच: आधी निरोगी जनावरे, मग संशयित, शेवटी बाधित. उलट फिरू नये.

२. त्या जनावरासाठी दावे, बादली, टोपले, झाडू आणि शक्य असेल तर चपला वेगळ्या ठेवाव्यात.

३. त्याच्या गव्हाणीत उरलेले कुटार किंवा कडबा दुसऱ्या जनावरापुढे टाकू नये. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या शेवटी चाऱ्याची काडीन्‌काडी मोलाची असते हे खरे, तरी एवढा उष्टा चारा जाळावा किंवा पुरावा.

४. त्याचे दूध विकू नये, डेअरीवर घालू नये, पिऊ नये. कास रिकामी करावी लागत असेल तर काढलेले दूध उकळून चुना टाकलेल्या खड्ड्यात ओतावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने गाय आटवून घेणे अधिक सोयीचे.

५. त्याचे शेण सारवण्यासाठी, अंगणातल्या सड्यासाठी किंवा गोवऱ्या थापण्यासाठी वापरू नये. त्याचे गोमूत्र कोणत्याही कारणासाठी पोटात घेऊ नये. शेणाचा उकिरडा वेगळा करून मातीने झाकावा आणि पूर्ण कुजल्यावरच, काही महिन्यांनी, शेतात टाकावा. सावलीतल्या ओल्या शेणात हा जंतू महिनोनमहिने तग धरतो.

६. पुन्हा फळवू नये, कामाला जुंपू नये.

जनावर दगावल्यास सोलू नये, फाडू नये. कारण पाहायचे असेल तर शवविच्छेदन डॉक्टरांनीच करावे. विहीर, बोअर आणि नाला यांपासून दूर, किमान सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

टप्पा ६: गोठ्याची सफाई

सफाईत क्रम चुकला तर औषधाचा पैसा वाया जातो. शेणावर कितीही औषध शिंपडले तरी खालचा जंतू मरत नाही.

१. प्रथम जमीन आणि गव्हाण पाण्याने भिजवावी. कोरडे झाडल्यास धुळीबरोबर जंतू उडतो. नाका-तोंडावर मास्क आणि हातात रबरी मोजे घालावेत.

२. शेण, उष्टा चारा आणि मातीच्या जमिनीचा वरचा चार-पाच इंचांचा थर खरवडून काढावा आणि पुरावा.

३. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने गव्हाण, खुंटे, लाकडी खांब, दाराच्या कडा घासाव्यात. जनावर नाक घासते त्या उंचीवर, म्हणजे गव्हाणीच्या काठावर आणि खांबांवर, वाळलेल्या शेंबडाचा चकाकणारा चिकट थर दिसतो. तो पूर्ण निघाला पाहिजे.

४. सर्व वाळू द्यावे.

५. त्यानंतर ५ टक्के फिनॉलचे द्रावण लावून काही तास राहू द्यावे. फरशी पुसायला वापरतो ते पांढरे सुगंधी फिनाइल हे फिनॉल नव्हे. त्याने हा जंतू मरेल असे धरू नये. सिमेंटच्या स्वच्छ पृष्ठभागासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून वापरता येते, मात्र अर्धा तास तरी पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे.

६. स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, मगच चुन्याची सफेदी करावी. नुसती सफेदी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

खबरदारी: फिनॉल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. फिनॉल कातडी भाजते. लावताना जनावरे बाहेर असावीत आणि गव्हाण धुतल्याशिवाय त्यांना आत घेऊ नये.

ऊन हे फुकटचे आणि खरोखर प्रभावी औषध आहे. विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यांत कोठ्याच्या तट्ट्या काढून टाकाव्यात, छपराचा एक भाग उघडावा आणि ऊन जमिनीपर्यंत येऊ द्यावे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गारठ्याच्या भीतीने चारही बाजू ताडपत्रीने बंद केल्या जातात. वाऱ्याच्या बाजूची एक झाकावी, पण वरचा दोन फुटांचा भाग मोकळाच ठेवावा. जनावराला थंडीपेक्षा कोंदटपणा अधिक बाधतो.

टप्पा ७: घरात रुग्ण असेल तर गोठा वाचवणे

माणसाला फुप्फुसाचा क्षय निघाला, की घरातल्या लहान मुलांपासून दूर म्हणून त्याची खाट कोठ्यात किंवा कोठ्याच्या पडवीत टाकली जाते. हे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. आजारी माणूस कोंदट जागेत पडतो आणि रात्रभर त्याचा खोकला गव्हाणीवर जातो. त्याची खाट उजेड आणि हवा असलेल्या खोलीत किंवा ओसरीवर असावी. त्याला घरातून तोडण्याची काहीच गरज नाही. औषधे नियमित सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांचा संसर्ग काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतो. तो कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मास्क पुरेसा आहे.

तोपर्यंत त्याने धार काढू नये, वासरांना हाताने पाजू नये, चारा टाकू नये. गोठ्यात, कुटाराच्या ढिगाजवळ किंवा गव्हाणीत थुंकू नये. खर्रा खाणाऱ्यांनी तर हे विशेष पाळावे, कारण थुंकण्याची जागा ते पाहत नाहीत आणि ढोर खाली पडलेली काडी उचलून खाते. थुंकीसाठी झाकणाचा डबा ठेवावा आणि त्यातली थुंकी उकळून किंवा जाळून नष्ट करावी. रुग्णाच्या गोळ्या चुकू नयेत, हे गोठ्याच्याही हिताचे आहे. घरात रुग्ण निघाल्यास पशुवैद्यकांना कळवून जनावरांची चाचणी करून घ्यावी.

टप्पा ८: फेरतपासणी आणि नवीन जनावर

बाधित जनावर वेगळे काढल्यावर उरलेल्या कळपाची चाचणी ६० दिवसांनी पुन्हा करावी. त्यात आणखी एक निघाले तर त्याला वेगळे करून पुन्हा ६० दिवस मोजावेत. लागोपाठ दोन चाचण्यांत एकही होकारार्थी निघाले नाही, तरच गोठा सुटला असे समजावे. पुढे वर्षातून एकदा चाचणी ठेवावी. पहिली चाचणी नुकत्याच झालेल्या संसर्गाला पकडत नाही, म्हणून एका निकालावर थांबणारा गोठा वर्षभरात पुन्हा त्याच ठिकाणी येतो. प्रत्येक वाचनाचा कागद बिल्ला क्रमांकानुसार एका वहीत लावावा: तारीख, आधीची जाडी, नंतरची जाडी, निकाल.

माणसांकडेही हीच नजर असावी. रुग्णाचा उपचार संपल्यावर सहा-सहा महिन्यांनी दोन वर्षांपर्यंत तपासणीला न्यावे. कच्चे दूध प्यायलेल्या मुलांचे वजन दर महिन्याला अंगणवाडीत पाहावे आणि सलग दोन महिने वाढ थांबली तर डॉक्टरांना दाखवावे.

नवीन जनावर घेताना दात, आचळ, दुधाचा अंदाज सर्व पाहिले जाते, पण चाचणी कोणी मागत नाही. सौदा ठरवताना "चाचणी नकारार्थी आली तर उरलेली रक्कम" अशी अट घालावी. विकणारा राजी नसेल तर त्याच्या गोठ्यात जाऊन इतर जनावरे खोकतात का, हे भल्या पहाटे, दार उघडताच, स्वतः ऐकावे. आणलेले जनावर थेट कळपात न सोडता दोन महिने वेगळे बांधावे आणि त्याच काळात त्याची ट्युबरक्युलिन चाचणी करून घ्यावी. तोवर त्याचे दूधही वेगळ्या भांड्यात घ्यावे आणि उकळूनच वापरावे.